गावच्या आई-वडिलांसाठी ‘डी’: साठ हजारची कॅप्सूल, रोजची गोळी, इंजेक्शन की अंगणातलं ऊन?

गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी निघालेल्या चाकरमान्याच्या बॅगेत हल्ली आई-वडिलांसाठी डी जीवनसत्त्वाची एखादी स्ट्रिप असतेच. गुडघे धरतात, अंग मोडून येतं, रिपोर्टमध्ये ‘डी’ कमी आलंय. मग न्यायचं कुठलं? कमी-अधिक वेगाने कमतरता चारही पर्याय भरून काढतात. म्हणून मी त्यांना एकाच प्रश्नावर तोलते: गावात बघायला कोणी नसताना चूक झाली, तर ती किती महागात पडेल?

कारण ‘डी’चा अतिरेक सहजासहजी निस्तरत नाही. ‘क’ जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. ‘डी’ मात्र चरबीत साठून राहतं. ते फार वाढलं की आतडं अन्नातलं कॅल्शियम प्रमाणाबाहेर शोषून घेतं, हाडांतलंही रक्तात उतरतं. मग भूक मरते, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी. पुढे सुस्ती, असंबद्ध बोलणं, हृदयाच्या ठोक्यांत गडबड, मूतखडे आणि मूत्रपिंडाला इजा. किनारपट्टीवरची पंचाईत अशी, की यातलं निम्मं ‘पित्त झालंय’ किंवा ‘उष्मा किती तो’ म्हणून खपून जातं. कोकमाचं आगळ पिऊन दिवस काढले जातात आणि कॅप्सूल चालूच राहते.

साठ हजार युनिटची (युनिट हे ‘डी’ मोजायचं माप) कॅप्सूल किंवा सॅशे सगळ्यात जास्त खपते, आणि चुकांना सगळ्यात जास्त जागाही तिथेच आहे. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट, सत्तरीपुढे ८००. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा मानली जाते. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साडेआठ हजार झाले. कमतरता असताना डॉक्टर ते जाणूनबुजून, साधारण आठ आठवड्यांपुरतं देतात आणि मग मात्रा उतरवतात. घरी मात्र ‘आठवड्याला एक’चं ‘रोज एक’ होतं. बाकीच्या गोळ्या रोजच्याच असतात, हीही त्यांच्याबरोबर घशाखाली जाते. रोज ६०,००० म्हणजे मर्यादेच्या १५ पट. असं काही आठवडे, महिने चाललं तर माणूस इस्पितळात पोचू शकतो. दुसरी चूक थांबण्याची. आठ आठवडे संपतात, पण चिठ्ठी दाखवली की दुकानात पुढची स्ट्रिप मिळते, आणि ‘बरं वाटतंय ना, मग घेत राहा’ म्हणणारे शेजारीही असतात. तरी हीच घ्यायची ठरली, तर गावच्या आठवडी बाजाराचा वार गोळीचा वार ठरवा आणि डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची तारीख पाकिटावर पेनाने लिहा. मोजून तेवढ्याच कॅप्सूल घरात ठेवा.

रोजची १,००० किंवा २,००० युनिटची गोळी दिसायला मामुली, आणि माझं मत तिलाच. एक दिवस विसरली तर बिघडत नाही, एखाद्या दिवशी दोन घेतल्या तरी बिघडत नाही. कमतरता फार असेल तर ती हळू भरते, एवढीच तिची उणी बाजू. एक बघा: परदेशातून येणाऱ्या बाटल्यांवर मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. तेव्हा ‘१२५’ हा आकडा किरकोळ वाटला तरी ती ५,०००ची गोळी असते. हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा ‘डी’ असतं, तेही हिशोबात धरा.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात: ६ लाख युनिट एकदम टोचले की परत काढता येत नाहीत. गोळी पोटात शोषलीच जात नाही, अशांसाठी ते ठीक आहे. एरवी ‘एकदाच सुई, मग वर्षभर बघायला नको’ या सोयीला भुलू नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांचा एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांना वर्षातून एकदा तोंडावाटे ५ लाख युनिट दिले होते. त्या स्त्रिया दुसऱ्या गटापेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. ज्या हाडांसाठी औषध दिलं, तीच!

राहिलं ऊन. उन्हाने ‘डी’ची विषबाधा होत नाही, त्वचेत गरजेपेक्षा जास्त तयार झालं की तेच ऊन त्याचे निरुपयोगी पदार्थ करून टाकतं. पण ‘सकाळचं कोवळं ऊन’ हा आपला लाडका समज इथे फारसा कामाचा नाही. लागणारे किरण सूर्य वर आल्यावर मिळतात, म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. हर्णैला सुकी मासळी वाळत घालणाऱ्या बाईला हे ऊन आपोआप मिळतं. माजघरात आणि पडवीत दिवस काढणाऱ्या आजीला कोकणात राहूनही मिळत नाही. वयाबरोबर त्वचेची ‘डी’ बनवण्याची ताकदही कमी होते. जूनपासून आभाळ भरून राहतं, शिवाय ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे ताजे तेलकट मासेही दुर्मीळ. बांगडा आणि तारली यांत ‘डी’ चांगलं असतं आणि ती खाऊन अतिरेक होत नाही. शाकाहारी घरात तोही आधार नाही. अशा घरांत पावसाळ्यापुरती तरी रोजची छोटी गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी.

मूतखड्याचा इतिहास, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग, सारकॉइडोसिस (फुप्फुसं वगैरे अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार), किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध वा थायझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर यातलं काहीच मनाने सुरू करू नका. आणि फोनवर आई म्हणाली, ‘कितीही पाणी प्यायलं तरी घसा कोरडाच, जेवण जात नाही’, तर ‘डी’ आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा. साखरेबरोबर रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही तपासून घ्या. साठलेलं ‘डी’ गोळी बंद केल्यावरही कित्येक आठवडे काम करत राहतं, त्यामुळे ‘बघू, चार दिवसांत बरं वाटेल’ इथे चालत नाही.