साखर कारखान्यातली नोकरी : केनिया की युगांडा?

वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात चार हंगाम काढलेल्या केमिस्टला, पॅनमनला (रस शिजवून साखर करणाऱ्याला) किंवा मिल फिटरला पूर्व आफ्रिकेतून विचारणा येते, तेव्हा समोर बहुधा दोनच नावं असतात. मग कुणीतरी मोबाईलवर मानवी विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण नि उत्पन्न मिळून देशाला दिलेला शून्य ते एकमधला आकडा, काढतो. केनिया ०.६च्या थोडा वर, युगांडा थोडा खाली, भारत दोघांच्याही पुढं. ‘केनिया सुधारलेला देश, तिकडंच जा,’ असा निकाल चहा संपायच्या आत लागतो.

पण त्या आकड्यात नैरोबीचा वाटा मोठा आहे, आणि ऊस काही नैरोबीत पिकत नाही. तो पिकतो पश्चिमेला, किसुमू-काकामेगाच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या पट्ट्यात. युगांडाचे दोन जुने कारखाने, जिंजाजवळचा काकिरा आणि कंपाला-जिंजा रस्त्यावरचा लुगाझी, त्याच सरोवराच्या दुसऱ्या अंगाला आहेत. तिसरा किन्यारा, तो लांब मसिंडीकडं. म्हणजे पासपोर्टवर शिक्का वेगळा बसला तरी राहायचं रान जवळपास एकच.

मलेरियाचंच घ्या. जगात सर्वाधिक रुग्ण असलेल्या पहिल्या तीन देशांत युगांडा येतो. केनियाचा आकडा बराच कमी. पण नैरोबी जवळपास १,८०० मीटर उंचीवर, थंड; तिथं मलेरिया कमीच. किसुमू सखल, आणि केनियातला सगळ्यात जास्त मलेरिया याच सरोवरकाठच्या भागात. त्यामुळं ‘केनियात मलेरिया कमी’ हे खरं असून ऊसवाल्याच्या उपयोगाचं नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही. हे दोन्हीकडं सारखंच. पत्नी गरोदर असेल किंवा मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर माझ्या मते सुरुवातीला एकट्यानंच जावं.

फरक पडतो तो कामात. आपल्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं आणि उन्हाळ्यात धुराडं थंड होतं. मग मेंटेनन्स, गावची जत्रा, लग्नसराई. विषुववृत्तावर पावसाचे दोन मोसम असतात, ऊस वर्षभर तुटतो आणि कारखाना देखभालीचा बंद सोडला तर बारा महिने चालतो. ऑफ सीझन नावाचा प्रकार नाही, हे जाणारे हमखास विसरतात. तेव्हा रजा किती आणि विमानाचं तिकीट कुणाचं, हे करारात लिहून घ्यायचं.

उसाची टंचाई केनियात जास्त. देशाला साखर पुरत नाही, आयात करावी लागते, आणि कच्चा ऊस तोडला जातो म्हणून २०२३ मध्ये सरकारनं काही महिने गाळपच थांबवलं होतं. एकेकाळचा सर्वांत मोठा मुमियास कारखाना कर्जात बुडून २०१९ मध्ये बँकेनं नेमलेल्या प्रशासकाकडं गेला. आजारी कारखाना म्हणजे काय, पगार थकणं म्हणजे काय, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये चार सरकारी कारखाने खासगी कंपन्यांना भाड्यानं दिले गेलेत, तिथं नव्या माणसांची गरज असेलही; पण मागची देणी कुणाच्या डोक्यावर, ते आधी विचारा. युगांडातही उसाची पळवापळवी चालते, छोटे कारखाने बरेच निघालेत. तरी काकिराचे माधवानी आणि लुगाझीचे मेहता ही जुनी, भारतीय वंशाची घराणी आहेत. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं, तरी नंतर परत येऊन त्यांनी कारखाने उभे केले. काकिराच्या आवारात दवाखाना आणि शाळाही आहेत. नोकरीच्या टिकाऊपणात मी युगांडाला झुकतं माप देईन.

पैशाचं गणित थोडक्यात : आयकराचा वरचा टप्पा केनियात ३५ टक्के, युगांडात ४० टक्के. पण केनियात त्याशिवाय आरोग्य निधीला २.७५ टक्के आणि घरबांधणी निधीला १.५ टक्के कापतात. पगार डॉलरमध्ये ठरलाय की शिलिंगमध्ये, हा प्रश्न कराहून मोठा. २०२४च्या सुरुवातीला केनियाचा शिलिंग डॉलरला १६०च्या आसपास घसरला होता, काही महिन्यांत तो १३०च्या घरात आला. शिलिंगमध्ये पगार घेणाऱ्याच्या घरी पोचणाऱ्या रुपयांचं काय होत असेल, हिशेब करून बघा.

खाण्याचं अडत नाही. चपाती दोन्हीकडं सर्रास मिळते, मूग मिळतो, आणि नाचणी तर मूळ त्याच भागातली. पाटण-जावळीच्या माणसाला भाकरी थापायला पीठ मिळेल. शाळूची आठवण मात्र काढायची नाही.

सुरक्षिततेबाबत लोक उगाच एका देशाला चांगलं नि दुसऱ्याला वाईट ठरवतात. केनियात जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, लोक मेले. पण तिथं सरकारला ते विधेयक मागं घ्यावं लागलं. युगांडात १९८६पासून मुसेवेनीच राष्ट्राध्यक्ष आहेत. रोज शांत वाटतं, मात्र २०२१च्या निवडणुकीत अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं होतं. अशा वेळी घरचे व्हिडिओ कॉलची वाट बघत बसतात. २००७ मध्ये तर माबिराच्या जंगलाचा काही भाग उसाला द्यायच्या प्रस्तावावरून कंपालात दंगल पेटली आणि त्यात एका भारतीयाचा जीव गेला. आपण ज्या धंद्यात जातोय, त्याचाच हा राग होता, हे लक्षात असू द्या.

एकटा माणूस असेल, कर्ज फेडायचंय, तीन-चार वर्षं काढायचीत, तर काकिरा किंवा लुगाझी. वसाहतीत राहून खर्च कमी होतो, पैसा साठतो. बायको-मुलं न्यायची असतील तर केनिया, पण किसुमू शहरात घर मिळणार असेल तरच : मोठं खासगी रुग्णालय हाताशी, विमानानं नैरोबी तासाभरात, तिथून मुंबईला थेट विमान. मूल आठवी-नववीत असेल तर दोन्ही अवघड. कंपालात सीबीएसईची शाळा आहे, पण कारखान्यातून रोज ये-जा होण्याजोगी नाही; आजी-आजोबांजवळ सांगलीत ठेवून दहावी होऊ द्यावी. आणि पिवळ्या तापाची लस दोन्हीकडं लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. तिकीट काढायच्या आधी तेवढं उरकून घ्या.