बास्केटबॉलमधी डिफेन्सवाल्या पोट्ट्यानं कोणता शॉट पक्का करावा: कोपऱ्यातला थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) का फ्री थ्रो लाइनवरचा जंपर (उडी मारून मारलेला शॉट)?

आमच्याकडे काटोलकडं शाळेच्या मुरमाच्या ग्राउंडवर जो पोट्टा डिफेन्स चांगला करते ना, त्याला अटॅकमधी कोणी विचारतच नाही, त्याचा माणूस त्याला मोकळा सोडून सरळ रिंगखाली मदतीला जाऊन बसते.

जंपर शिकायला सोपा, बोर्डापासून ४.६ मीटर, हात लवकर बसते. पण दोनच पॉइंट, अन् तिथं उभं राहिलं की बॉल घेऊन रिंगकडं घुसणाऱ्या आपल्याच पोट्ट्याची वाट अडते.

कोपऱ्यातला थ्री मले जास्त पटते. रेषा तिथं रिंगपासून ६.६० मीटर, समोरून ६.७५, म्हणजे थोडी जवळच, अन् ड्रिबल करायचं कामच नाही, बॉल येईपर्यंत गुडघे वाकवून, हात तयार ठेवून उभं राहायचं. साइडलाइन अन् थ्रीची रेषा यात फक्त ९० सेंटिमीटर जागा असते, म्हणून पाय आधीच बसवा, नाहीतर टाच बाहेर जाते. एनबीए या अमेरिकेतल्या लीगमधी स्पर्स टीमचा ब्रूस बोवेन पहा, नाव डिफेन्सचं, पण २००२-०३ मधी थ्री ४४.१ टक्के, अख्ख्या एनबीएत पहिला, अन् त्याच सीझनला फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा शॉट) ४०.४! म्हणजे एकच जागा घोटली तरी भागते बाप्पा.

फक्त एक, पहिल्याच दिवशी थ्रीवर जाऊ नका, बॉल खांद्यावरून फेकायची सवय लागते. उन्हाळ्यात सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, रिंगपासून दोन मीटरवर एका हातानं शॉट मारा, मनगट खाली वाकलेलं तसंच राहू द्या, मग रोज एकेक पाऊल कोपऱ्याकडं सरका.