हातखंब्याच्या पिवळ्या ढाली: ६६ आणि १६६

मार्गक्रमांकाची पाटी म्हणून रचना उत्तमच. पिवळी ढाल, काळा आकडा, गाडीच्या वेगातही नजरेत भरतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने आखले, त्यात मुंबई-गोवा महामार्गाचा जुना १७ गेला, ६६ आला. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे, म्हणून आपल्या किनाऱ्याला एवढा मोठा आकडा. रत्नागिरीजवळ हातखंब्याला त्याला भेटणारा रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता त्याचा फाटा, म्हणून आधी १ लावून १६६. पाटीच नातं सांगते, हे फार सुंदर आहे!

कोकणात घात होतो तो जोडकामात. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधे लोखंडी बोल्ट मारले की खारी हवा आणि पावसाच्या ओलीने भोकाभोवती पत्रा पांढरा पडून खाल्ला जातो. स्टेनलेस बोल्ट आणि मधे नायलॉनचा वॉशर हवाच. पाटीवरची, दिव्यांचा उजेड परतवणारी चमकती फिल्म कापलेल्या कडेपासून सुटते. पाणी आत शिरलं की तिथे रात्री काळा डाग दिसतो, म्हणून कडा सीलरने बंद कराव्यात. आकडा ब्रशने रंगवलेला नको, कापीव काळ्या फिल्मचा घ्यावा.

किलोमीटरचे दगड मात्र निर्धास्त: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा. फक्त पावसाळ्यानंतर जांभ्याचा लाल चिखल धुवायला हवा.