शस्त्रक्रिया शिकवायला काय घ्यावं: ऑपरेशन नोट (सर्जननं नंतर लिहिलेली नोंद) की व्हिडिओ?

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याचा धोका असतो. नोटमध्ये एवढंच सापडतं: ‘रचना ओळखून क्लिप लावली.’ कशी ओळखली? व्हिडिओत ते दिसतं. पित्ताशयाकडे एक नळी आणि एक रक्तवाहिनी एवढंच जातंय का, मागे यकृत दिसतंय का, हे तिथंच थांबवून शिकाऊ डॉक्टरला विचारता येतं.

मिशिगनमधल्या २० बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जननी आपापल्या शस्त्रक्रियेचा एकेक व्हिडिओ दिला. सहकाऱ्यांनी नाव न कळता कौशल्याला गुण दिले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले: सर्वांत कमी गुणांच्या सर्जनगटाच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत वरच्या गटात ५.२. नोटा चाळून हा फरक कळलाच नसता!

नोट लागतेच, भूल, औषधं, पुढच्या सूचना तिच्यातच. पण शिकवायला मी व्हिडिओच घेईन, अर्थात रुग्णाची लेखी संमती घेऊन आणि ओळख झाकून.