रबरी बँडचा सेट, साडेसहा महिने वापरून (हिरवा तुटला)

चवथीच्या चार दिवस आधी खांद्याचा व्यायाम करताना हिरवा बँड तुटला आणि सटकन कानावर बसला. चष्मा होता म्हणून डोळा तरी वाचला. फेब्रुवारीत 1,149 ला पाच रंगांचा सेट घेतलेला, त्यातला पिवळा म्हणजे निव्वळ लेंग्याचं इलॅस्टिक, त्याचं सोडा. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणे वॉरंटी 6 महिन्यांची, तुमचे 17 दिवस वर झाले. सतरा दिवस! आमच्या फोंड्यात वाणीसुद्धा याहून जास्त दिवस उधारी ठेवतो.

एकच स्टार देणार होतो. पण तुकडा फिजिओला दाखवला, तिने बोटाने चोळून बघितला आणि विचारलं, काका, गुडघ्याला खोबरेल लावून व्यायाम करता का? करतो ना, रोज. वर बँड धुऊन खिडकीत उन्हात टाकायचो, कारण पावसाळ्यात आमच्याकडे चपलेलासुद्धा बुरशी येते. लॅटेक्सला तेलही चालत नाही नि ऊनही, बारीक चिरा पडतात, ताणण्याआधी दर वेळी बघून घ्यायचं असतं. म्हणजे चूक माझी. सोबतच्या कागदावर हे लिहिलंय, पण मुंगीएवढ्या अक्षरात! विकायचं आमच्यासारख्या 64 वर्षांच्या माणसांना आणि वाचायला भिंग आणा. त्या अक्षराचे दोन स्टार कापले, तीन ठेवले.

फरक मात्र पडला. गेल्या चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधताना उजवा हात कानाच्या वर जात नव्हता, मुलगा स्टुलावर आणि मी खालून नारळ, सुपारीचे घोस देत उभा. यंदा मीच चढलो. बायको स्टूल धरून मंगेशाचा धावा करत होती ती गोष्ट वेगळी.

ब्राझीलच्या डॉक्टरांची ती बसा-उठा टेस्ट आहे ना, 2012 मध्ये 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांवरचा अभ्यास आला होता, जमिनीवर बसायचे 5 गुण, उठायचे 5, हात किंवा गुडघा टेकला की एक गेला, तोल गेला की अर्धा. फेब्रुवारीत मला 5 होते, आता साडेसात. तो गुडघा काही सुटत नाही.

पण यातलं निम्मं श्रेय पंच्याला. पाठीवर झोपून तळव्याला बँड अडकवून पाय वर घ्यायचा, 30 सेकंद धरायचा, तर रबरच ताणत जातं आणि पाय आहे तिथेच. अय्यंगार योगात न ताणणारा पट्टा देतात तो काय उगाच? मी जुना पंचा वापरतो, खर्च शून्य. आधी 10 मिनिटं अंगणात फेऱ्या मारायच्या, थंड अंगाने ताणलं की मांडी धरते, एप्रिलमध्ये आठवडाभर लंगडलोय.

हिरवा सुटा मिळाला, 240 ला. आता पावडर मारून बिस्किटाच्या डब्यात, कपाटात ठेवतो, आणि खोबरेल व्यायामानंतर. पिवळा बायकोने सोलांच्या बरणीला बांधलाय, तिथे मात्र एकदम फिट्ट.