पुरलेला जिवंत बॉम्ब ओळखायला जीपीआर की ईएमआय? आधी माती बघा

जीपीआरवर (म्हणजे जमिनीच्या आत बघणाऱ्या रडारवर) मशीन लर्निंग लावून जमिनीतले न फुटलेले बॉम्ब ओळखायचा प्रोजेक्ट डोक्यात असेल तर मॉडेल कुठलं घ्यायचं हे नंतर, आधी जमीन कुठली ते ठरवा, अर्धा निकाल तिथेच लागतो.

जीपीआर जमिनीत रेडिओ लहर सोडतं आणि परत आलेला पडसाद टिपतं, गाडा पुढे ढकलत गेलं की स्क्रीनवर पालथ्या कढईसारखी कमान उमटते, तीच हायपरबोला. पण गोटा असो, झाडाचं मूळ असो, आडवा पाइप असो नाहीतर बॉम्ब, सगळ्यांची कढईच! पाइप निदान शेजारच्या लाइनींत पण दिसत राहतो, बॉम्ब थोडक्यात संपतो, म्हणून सीएनएनला (चित्रं ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कला) सुटा स्कॅन न देता शेजारच्या लाइनी एकत्र द्या.

ईएमआय (इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन) म्हणजे मेटल डिटेक्टरच, पण शिकलेला. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र एकदम बंद करायचं आणि धातूतला करंट किती वेळात विरतो ते मोजायचं, जाड पोलादी कवचात तो रेंगाळतो, पातळ पत्र्यात झटकन जातो. शिवाय वस्तूच्या तिन्ही अक्षांवरचा प्रतिसाद आकड्यात मिळतो, लांबट गोळा असेल तर एका अक्षाचा आकडा वेगळा आणि उरलेले दोन जवळपास सारखे, वेड्यावाकड्या तुकड्याचे तिन्ही वेगळे. हे आकडे माहितीतल्या दारूगोळ्याशी ताडून बघता येतात, हे मला जास्त पटतं कारण उत्तर कशावरून आलं ते तरी कळतं. अमेरिकेत २००७ मध्ये अलाबामातल्या कॅम्प सिबर्ट या जुन्या लष्करी तळावर अशा वर्गीकरणाची चाचणी झाली होती.

मग जीपीआर कशाला? प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरता असतो, तिथे ईएमआय अडतं. इजिप्तमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या अल अलामेनच्या लढाईतले सुरुंग वाळवंटात पडून आहेत, तसल्या कोरड्या वाळूत रडार मस्त चालतं (समुद्राकाठची खारट ओल असेल तर विसरा). आपल्या काळ्या मातीत पावसानंतर काय होईल ते सांगायलाच नको, चिकण ओल लहर गिळून टाकते.

लाओसचं उदाहरण घ्या. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने तिथे २० लाख टनांवर बॉम्ब टाकले, त्यातले क्लस्टरचे छोटे बॉम्ब २७ कोटींच्या वर, आणि साधारण ३० टक्के फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. टेनिस बॉलएवढी वस्तू, पावसाळी प्रदेश, बऱ्याच ठिकाणी लॅटेराइट, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याची जात. त्यातलं लोह ईएमआयला पण सतावतं, तरी धातूचा उथळ बॉम्ब असेल तर मी तिथे ईएमआयच घेईन.

तिसरं साधन मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीच्या चुंबकीय क्षेत्रातला फरक मोजणारं यंत्र, ते फक्त लोखंडाला, खोल गेलेल्या मोठ्या बॉम्बला बरं.

बजेट असेल तर ईएमआय आणि जीपीआर दोन्ही एकत्र, माइनहाउंडसारखं हातातलं यंत्र आधी धातूची चाहूल घेतं आणि मग रडारने खात्री करता येते, उगाच खिळ्यासाठी खोदावं लागत नाही.

आणि पेपरमधल्या ॲक्युरसीला भुलू नका, एकही बॉम्ब न सुटता किती खोटे खड्डे खणावे लागले ते विचारा. टेस्ट प्लॉट कोरडा असताना ट्रेनिंग केलंत तर पाणी मारून परत स्कॅन करा, मॉडेल किती कोलमडतं ते त्याच दिवशी कळेल.