पद्मिनीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप : उन्हाळा, पावसाळा, घाट सगळं बघून झाल्यावरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. पंप बसवा, पण लो प्रेशरचाच बसवा, आणि पंपावर पैसे खर्च करून वायरिंगमध्ये कंजूषी करू नका. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा भाग), बाबांनी नवी घेतलेली. रोज चालत नाही, पुण्यातल्या पुण्यात एखादी चक्कर आणि अधूनमधून साताऱ्याकडे गाव, म्हणजे जाताना खंबाटकी घाट आलाच. आणि खंबाटकी म्हटलं की पद्मिनीवाल्यांना पुढचं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये ट्रकच्या मागे सेकंड गिअरवर रांगत रांगत चढायचं, वळणावर इंजिन दोनचार आचके देणार आणि बंद. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, बाटलीतलं पाणी ओता, पंधरा-वीस मिनिटं कठड्यावर बसून रहा. मुंबईचे जुने टॅक्सीवाले तर फडकं कायम पंपाला गुंडाळूनच ठेवायचे.

हे का होतं ते समजून घेतल्याशिवाय पंप घ्यायला जाऊ नका. ओरिजिनल पंप इंजिनच्या ब्लॉकवर, कॅमवर चालतो. म्हणजे तो स्वतः तापलेला, आणि मागच्या टाकीतून एवढ्या लांबून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपमधलं प्रेशर कमी होतं आणि प्रेशर कमी झालं की पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. त्याची वाफ झाली की पंपातला लवचिक पडदा नुसता वाफच आतबाहेर करत बसतो, पुढे पेट्रोल जात नाही. झाला व्हेपर लॉक. इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ लावला की तो थंड जागेत असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी पुढे ढकलतो, सगळा पाइप प्रेशरखाली राहतो, वाफ व्हायला जागाच कमी. म्हणजे खरी किमया जागेची आहे. जे लोक वायरिंग सोपं पडतं म्हणून इलेक्ट्रिक पंप पुढे इंजिनच्या शेजारी लावतात ते पैसे खर्च करून परत त्याच खड्ड्यात पडतात, शिवाय हे पंप ढकलायला तगडे असले तरी ओढायला कमकुवत असतात.

आता निवड. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टसाठी फिरलो तर प्रत्येक दुकानात वेगळा सल्ला. एकाने तर सरळ इंजेक्शनच्या गाडीचा पंप पुढे केला, "साहेब हा टाका, आयुष्यभर बघायला नको". तो पंप साधारण ३ बारचा, म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक)! आपल्या कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये (पेट्रोलच्या छोट्या वाटीत) फ्लोट तरंगतो आणि वाटी भरली की नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. ही व्हॉल्व्ह फार फार तर तीन-साडेतीन पीएसआय धरते, त्याच्यावर गेलं की फ्लोट हरतो, बाउल ओसंडतो आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनला जोडलेल्या तापलेल्या पाइपांवर), म्हणजे आगीलाच आमंत्रण. आयुष्यभर बघायला नको हे मात्र खरं ठरलं असतं.

दुसरी गंमत अशी की लोक विचारतात तासाला किती लिटर टाकतो. अरे, आपली गाडी हायवेला साठच्या स्पीडने तासाला पाचेक लिटर पिते, आणि साधा क्यूब पंपसुद्धा (चौकोनी डबीसारखा छोटा इलेक्ट्रिक पंप) तासाला नव्वद-शंभर लिटर टाकतो. फ्लो कुठल्याही पंपाचा पुरून उरतो, बघायचं ते प्रेशर. मी आधी ऑनलाइन हजार-बाराशेचा एक बिननावाचा क्यूब मागवला, खोक्यावर प्रेशरचा आकडाच नाही. गाडीला लावण्याआधी गेजवर टाकून बघितला तर काटा सहाच्या पुढे. परत पाठवला. मग फॅसेट कंपनीचा लो प्रेशर क्यूब घेतला, दीड ते चार पीएसआयवाला. इम्पोर्टेड, त्यामुळे कितीतरी पट महाग आणि वाट बघावी लागली, पण माझ्या गाडीवर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी अडीचच्या आसपास मिळतात आणि तिथेच काटा थांबून राहतो. रेग्युलेटर लावून जास्त प्रेशरचा पंप वापरता येतो, येतो ना, पण स्वस्तातले डायलवाले रेग्युलेटर बघितले तर डायल एक सांगते आणि गेज दुसरं. त्यापेक्षा मुळात कमी प्रेशरचा पंप घ्या, एक जॉइंट कमी म्हणजे गळायची एक जागा कमी.

बसवताना आमचा मेकॅनिक, आम्ही त्यांना काका म्हणतो, चाळीसेक वर्षं फियाटवरच (पद्मिनी मूळची फियाटच) हात चालवलेला माणूस, सुरुवातीला तयारच नव्हते. "ओरिजिनल पंपात काय वाईट आहे, रिपेअर किट टाकून देतो." पण जुना पंप उघडल्यावर पडदा इतका कडक निघाला की त्यांनी नखाने टोचला आणि तडा गेला. हा पडदा फाटला की पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक काढून अधूनमधून वास घ्यायची सवय लावा. आणि याच कारणासाठी जुना पंप लाइनमध्ये ठेवून मागे इलेक्ट्रिक लावायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही, पडदा फाटला तर मागचा पंप तितक्याच जोरात इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये पेट्रोल भरत राहणार. आम्ही जुना काढून तिथे गॅस्केट घालून ॲल्युमिनियमची प्लेट ठोकली.

रबरी पाइप सगळे बदलले. ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल सगळीकडे आल्यापासून जुन्या गाड्यांचं रबर लवकर जातं, ते हिरवट पारदर्शक नळीवालं प्रकरण तर वापरूच नका, काही महिन्यात लाकूड होतं. नळीवर आर-९ (इथेनॉलला टिकणाऱ्या नळीचा दर्जा) छापलेलं बघून घ्या. पंपाच्या आधी काचेचा फिल्टर लावला, आणि पहिल्या आठवड्यातच त्यात विटकरी रंगाचा गाळ जमला. टाकीला आतून गंज. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी पावसाळ्यात उभी राहिली की काय होणार. टाकी धुवून घेतली तेव्हा कुठे फिल्टर स्वच्छ राहायला लागला. टाकी जुनी असेल तर हा खर्च आधीच धरून चाला.

वायरिंगचं सांगतो कारण इथेच लोक ढिसाळपणा करतात. पंप खातो एक-दीड अँपिअरच, पण चाळीस वर्षांच्या वायरवर विश्वास नको, म्हणून बॅटरीवरून नवीन वायर, फ्यूज, आणि इग्निशनवर चालणारा रिले. पंप रबरच्या बुशवर बसवला की आवाज कमी होतो पण मग बॉडीतून अर्थ मिळत नाही, त्याला वेगळी अर्थ वायर द्यावीच लागते. "पंप कधी चालतो कधी नाही" अशी तक्रार आली तर पहिल्यांदा हीच वायर तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कटऑफ. मेकॅनिकल पंप इंजिन बंद पडलं की आपोआप बंद. इलेक्ट्रिक पंपाला ते कळत नाही, अपघात झाला, पाइप तुटला, तरी किल्ली ऑन आहे तोवर तो पेट्रोल ओततच राहणार. म्हणून इनर्शिया स्विच लावला, धक्का बसला की लाइन तोडतो आणि वरचं बटण दाबलं की परत चालू. ऑइल प्रेशर स्विचवरूनही हे करता येतं, कारण इंजिन थांबलं की ऑइलचं प्रेशर जातं, पण मग स्टार्ट करताना बायपास द्यावा लागतो. इनर्शिया स्विचचा एक त्रास आहे, आमच्या भागातल्या एका सोसायटीसमोरच्या भयानक स्पीड ब्रेकरवर तो एकदा उडाला आणि गाडी भर रस्त्यात गप्प. पण असा त्रास मला चालेल. डॅशबोर्डखाली पंप बंद करणारा एक लपवलेला चोर-स्विचही टाकून घेतलाय, कारण पद्मिनीची दारं कुठल्याही किल्लीने उघडतात हे काही गुपित नाही.

आता इतके महिने वापरून काय वाटतं. मला वाटलं होतं खरा फायदा घाटात होईल. झाला, भर मेमध्ये गाडी खंबाटकी एका दमात चढली, फडकं डिकीतच. पण रोजच्या वापरात त्यापेक्षा जास्त सुख सकाळच्या स्टार्टचं आहे. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की बाउलमधलं पेट्रोल उडून जातं, पूर्वी ते परत भरेपर्यंत स्टार्टर घरघरवत बसायचं, निम्मी बॅटरी तिथेच संपायची. आता किल्ली फिरवली की मागून टकटकटक असा भराभर आवाज, बाउल भरत आला की तो हळू होतो, टक... टक... मग स्टार्टर मारायचा, पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू. हा आवाज काही लोकांना नकोसा वाटतो, मला आता त्याच्यावरूनच तब्येत कळते. बराच वेळ झाला तरी टकटक हळू होत नसेल तर कुठेतरी गळतंय, हवा ओढतोय किंवा नीडल व्हॉल्व्ह लागत नाहीये. किल्ली बंद करायची आणि आधी वास घ्यायचा.

जे सुटलं नाही तेही सांगतो. गरम गाडी बंद करून मिसळ खायला थांबलं आणि अर्ध्या तासाने परत आलं की स्टार्टला अजूनही नखरे. हा व्हेपर लॉक नाही. इंजिन बंद केल्यावर खालून येणाऱ्या उष्णतेने बाउलमधलंच पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये सांडतं, म्हणजे इथे पेट्रोल कमी नाही, जास्त झालेलं असतं. याला जगातला कुठलाच पंप औषध नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंपिंग करायचं नाही, आणि सेल्फ मारत राहायचा, सुटते. कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर गॅस्केट घातल्यावर फरक पडलाय, पूर्ण गेलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी कार्ब्युरेटरजवळून टाकीकडे एक बारीक रिटर्न लाइन टाकायचा विचार आहे, म्हणजे पाइपमधलं पेट्रोल एका जागी तापत न राहता फिरत राहील.

मायलेजमध्ये काडीचा फरक नाही, कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पिकअपमध्येही नाही. ज्यांना गाडी रॅलीत ओरिजिनल कंडिशनसाठी जज करून घ्यायची आहे त्यांनी जुना पंप किटसकट जपून ठेवा, माझा डिकीत कपड्यात गुंडाळून आहे. आणि ज्यांच्याकडे मॉरिस मायनरसारखी पॉझिटिव्ह अर्थवाली (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) गाडी आहे त्यांनी ऑर्डर देण्याआधी पंप कुठल्या पोलॅरिटीचा आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्या, कारण हे ट्रान्झिस्टरवाले पंप उलटे जोडले की जागच्या जागी जळतात आणि वॉरंटीत कोणी घेत नाही.